नाव होण्याआधीचं कार्ड

प्रिय मन्या,

तुझ्या भाच्यानं शिकागोहून कळवलेली बातमी अगदी खरी आहे. पॉल स्कीन्स या बेसबॉलपटूचं ते फोटोकार्ड, लोक छंद म्हणून जमवतात त्यातलं, मार्च २०२५ मध्ये ११ लाख १० हजार डॉलरला गेलं. त्या वेळच्या भावानं साडेनऊ कोटी रुपयांच्या आसपास. लॉस एंजेलिसकडच्या ११ वर्षांच्या एका पोराला ते नाताळच्या दिवशी कार्डांच्या बंद पाकिटातून निघालं होतं. स्कीन्सचा संघ पिट्सबर्ग पायरेट्स. त्यांनी कार्डाच्या बदल्यात ३० वर्षांची सीझन तिकिटं आणि आणखी बरंच काही देऊ केलं, पण घरच्यांनी कार्ड लिलावातच दिलं.

एवढ्याशा पुठ्ठ्यात असतं तरी काय, असं तू विचारलंस. त्या कार्डात कापड आहे. २०२३ पासून मेजर लीगमध्ये, म्हणजे इथल्या सगळ्यात वरच्या बेसबॉल स्पर्धेत, पहिला सामना खेळणाऱ्या खेळाडूच्या बाहीवर एक बिल्ला लावतात. सामना झाला की तो काढून ठेवतात, पुढं कार्डात बसवतात, त्यावर खेळाडूची सही घेतात, आणि असं कार्ड जगात एकच असतं. ११ मे २०२४ ला पिट्सबर्गच्या मैदानात स्कीन्सनं पहिला चेंडू टाकला तेव्हा त्याच्या बाहीवर होता तो हाच बिल्ला. समोर शिकागोचाच संघ होता, कब्ज, हे भाच्याला आवर्जून सांग. त्याच वर्षी तो रुकी ऑफ द इयर, म्हणजे वर्षातला सर्वोत्तम नवखा खेळाडू, ठरला.

जुन्या कार्डांची गोष्ट वेगळी होती. पोरं ती खिशात कोंबायची, सायकलच्या आऱ्यात अडकवायची, आया घर आवरताना फेकून द्यायच्या. धड राहिलेली थोडीच, म्हणून टॉप्स कंपनीचं १९५२ चं मिकी मँटल या जुन्या नामवंत खेळाडूचं कार्ड २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला जाऊ शकलं. असे आकडे कानावर यायला लागले तसे १९८० च्या दशकाच्या शेवटी लोक खोकीच्या खोकी भरून ठेवायला लागले, आणि कंपन्यांनीही हात राखून छापलं नाही. त्या काळातली बरीचशी कार्डं आज कुणी फुकटही नेत नाही. तेव्हापासून टंचाई छापखान्यातच ठरते. एकाच फोटोचे वेगवेगळे रंग येतात आणि प्रत्येकावर क्रमांक असतो. बोमन क्रोम या चकचकीत कार्डांच्या मालिकेतल्या सही असलेल्या कार्डांत निळी १५०, हिरवी ९९, सोनेरी ५०, नारिंगी २५, लाल फक्त ५, आणि सगळ्यात वर सुपरफ्रॅक्टर, एकच.

पण मला या छंदाचं खरं वेड लागलं ते बोमनमुळे. रुकी कार्ड, म्हणजे नवख्या खेळाडूचं कार्ड, निघतं खेळाडू मेजर लीगमध्ये पोचल्यावर. बोमन त्याच्या कितीतरी आधी येतं. मुलगा नुकताच ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ पाळीपाळीनं नवे खेळाडू निवडतात त्यात, निवडलेला असतो, किंवा डॉमिनिकन रिपब्लिकमधून सोळाव्या वर्षी करारबद्ध झालेला, मिसरूडही नीट फुटलेलं नसतं. त्या पहिल्या कार्डावर कोपऱ्यात '१स्ट' (फर्स्ट, म्हणजे पहिलं) असा शिक्का असतो. तेव्हा त्याचं पुढं काय होणार हे त्यालाही माहीत नसतं.

माइक ट्राउट आमच्या न्यू जर्सीचा, मिलव्हिलचा. २००९ च्या ड्राफ्टमध्ये त्याच्याआधी २४ नावं पुकारली गेली, मग एंजल्स संघानं त्याला घेतलं. त्याच वर्षीच्या बोमनमधलं त्याच्या सहीचं सुपरफ्रॅक्टर ऑगस्ट २०२० मध्ये ३९ लाख ३६ हजार डॉलरला गेलं. तोवर कुठल्याही खेळाच्या कार्डाला एवढी किंमत आली नव्हती. मला त्या आकड्यापेक्षा ती सही जास्त महत्त्वाची वाटते. ती करताना तो पोरगा एमव्हीपी (हंगामातला सगळ्यात मोलाचा खेळाडू) नव्हता, कुणीच नव्हता. नाव झाल्यावरच्या सह्या हव्या तेवढ्या मिळतात रे, नाव होण्याआधीच्या मिळत नाहीत.

माझ्या घरापासून ब्रिजवॉटर जवळ आहे. तिथं सॉमरसेट पेट्रियट्स खेळतात, न्यूयॉर्क यांकीजचा डबल-ए, म्हणजे मेजर लीगच्या दोन पायऱ्या खालचा, संघ. तिकीट स्वस्त, कुंपणाला टेकून उभं राहिलं तर खेळाडूंचं आपसातलं बोलणं ऐकू येतं. जेसन डोमिंगेझला मी तिथं पाहिला. २०२० च्या बोमनमध्ये त्याच्या कार्डांसाठी नुसती झुंबड उडाली होती, आणि तेव्हा तो मायनर लीगचा, म्हणजे या खालच्या पायऱ्यांवरचा, एक सामनाही खेळला नव्हता. १ सप्टेंबर २०२३ ला ह्यूस्टनमध्ये तो यांकीजकडून पहिल्यांदा खेळायला उतरला आणि पहिल्याच खेपेला जस्टिन व्हर्लँडर या नावाजलेल्या गोलंदाजाला होमरन (आपल्या षटकारासारखा फटका) मारला. आठ सामन्यांत चार होमरन, आणि लगेच कोपराचा अस्थिबंध (लिगामेंट) फाटला, हंगाम संपला. भाव जसा चढला तसा उतरला. माझ्याकडचं त्याचं रिफ्रॅक्टर (उजेडात रंग सरकणारं कार्ड) मी तेव्हाही विकलं नाही, आजही विकणार नाही. ज्याला ऐन उमेदीत धावताना आपण पाहिलंय, त्याचं कार्ड भावासाठी ठेवलेलंच नसतं.

आता तुझ्या जिव्हाळ्याचा विषय, पारख. तू शिवराई भिंगाखाली धरून अक्षरं किती झिजलीत ते बघतोस, तसंच इथंही. किंबहुना घरही एकच आहे. नाण्यांना दर्जा देणारी पीसीजीएस १९८६ ला सुरू झाली, आणि त्याच मंडळींनी १९९१ मध्ये कार्डांसाठी पीएसए काढली. एक ते दहा गुण देतात आणि कार्ड प्लास्टिकच्या स्लॅबमध्ये बंद करून टाकतात. मी नवं कार्ड दिव्याखाली तिरकं धरतो. आधी चौकट बघायची: डावीकडची आणि उजवीकडची किनार सारखी आहे का. मग चारही कोपरे. क्रोम कार्डाच्या कोपऱ्यावर पांढरा ठिपका दिसला की दहा गेले. त्यानंतर पृष्ठभाग, आणि हे सगळ्यात अवघड, कारण छपाईच्या बारीक रेघा समोरून दिसतच नाहीत. कार्ड हळूहळू फिरवावं लागतं, मग रंग सरकतात आणि त्यात एखादी केसाएवढी रेघ चमकून जाते. नऊ आणि दहा यांत साध्या डोळ्यांना काही फरक जाणवत नाही, पण किमतीत कधी कधी दुपटीहून जास्त पडतो. या बाबतीत मी ठाम आहे: स्लॅबवरच्या आकड्याआधी कार्ड बघावं. कोपऱ्याला जरासं दुखावलेलं, पण रंग आणि सही सुरेख असलेलं कार्ड मी आनंदानं घेतो.

भाच्याला एवढं सांग. पाकिटं फोडायची हौस महिन्याकाठी एखाद्या पाकिटावर भागवावी. ऑनलाइन 'ब्रेक'मध्ये आपण पैसे भरतो आणि दुसरा कुणी कॅमेऱ्यासमोर आपल्यासाठी खोका फोडतो, त्या वाटेला त्यानं जाऊ नये; लहान पोरांना ती सवय लागलेली बघून मला फार वाईट वाटतं. हवं ते एकेक कार्ड सुटं विकत घ्यावं. आधी एक खेळाडू निवडावा, त्याचे सामने बघावेत, त्याचा स्विंग (बॅट फिरवायची लकब) ओळखू यायला लागला की मग त्याचं पहिलं बोमन शोधावं. कार्ड हातात आल्या आल्या पातळ प्लास्टिकच्या पिशवीत घालायचं, मग टॉपलोडरमध्ये, म्हणजे कडक प्लास्टिकच्या पाकिटात. कडेनं धरायचं, मध्ये बोट लावायचं नाही.

त्याच्याकडचं ओटानीचं (तो जपानी बेसबॉलपटू) कार्ड खरं की खोटं असंही तू विचारलंस, ते फोटोवरून मी सांगणार नाही. मागची बाजू, क्रमांक आणि '१स्ट' किंवा रुकीचा शिक्का, तिन्ही दिसतील असे फोटो त्याला काढायला सांग, म्हणजे ते कार्ड कोणतं एवढं तरी कळेल. बाकी हातात घेऊनच बघायला हवं. पुढच्या उन्हाळ्यात तू त्याच्याकडे येणारच आहेस, तर दोघंही चार दिवस इकडे या. ब्रिजवॉटरची तिकिटं मी काढतो. तुझी ती छत्रपतींच्या काळातली शिवराई मात्र विसरू नकोस, भिंग माझ्याकडे आहे.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
दिल्या