लँकेस्टरला जाताना तिथली जमीनही पाहावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकेत मुलांकडे गेलेल्या मराठी आईवडिलांच्या सहलींत नायगारा आणि वॉशिंग्टनच्या जोडीने आता पेनसिल्व्हेनिया राज्यातील लँकेस्टर काउंटीचे (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) नाव हमखास असते. न्यू जर्सीतून सकाळी निघून रात्री घरी परतता येते हे त्याचे एक कारण, आणि जुन्या चालीने राहणाऱ्या अमिश या ख्रिस्ती पंथाच्या लोकांविषयीचे कुतूहल हे दुसरे. या सहलींवर वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतून जे लेखन येते ते मात्र घोडागाड्या, बायकांच्या टोपड्या आणि 'वीज न वापरणारी माणसे' यांच्यापुढे क्वचितच जाते. मी शेतीखात्यातून निवृत्त झालेला वाचक आहे आणि मुलीकडे मुक्कामाला असताना हा भाग पाहून आलो. पूर्व अमेरिकेतील मोठ्या शहरांच्या इतक्या जवळ असूनही ही जमीन अजून शेतीखाली कशी राहिली, हा तिथला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे, आणि तो आपल्या वाचकांपर्यंत पोहोचावा म्हणून हे पत्र लिहीत आहे.

१६९३ च्या सुमारास स्वित्झर्लंड आणि अल्सास भागातील मेनोनाइट या ख्रिस्ती पंथात फूट पडली आणि जेकब अम्मान यांच्या अनुयायांना अमिश हे नाव मिळाले. लहानपणी बाप्तिस्मा न देता माणसाने जाणतेपणी तो घ्यावा, या श्रद्धेपायी या परंपरेतील लोकांचा युरोपात फार छळ झाला होता. विल्यम पेन यांनी स्थापन केलेल्या पेनसिल्व्हेनिया वसाहतीत धर्मस्वातंत्र्याची हमी होती, म्हणून अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात ते तिथे येऊ लागले. लँकेस्टरची चुनखडीवरची खोल, सुपीक जमीन कसायला सोपी होती, पाऊस पुरेसा होता आणि आजही तिथली बहुतेक शेती पावसावरच होते.

हे लोक यंत्राच्या विरोधात आहेत, हा समज बरोबर नाही. पंचवीस-तीस कुटुंबांची एक मंडळी, म्हणजे एकत्र प्रार्थना करणारा गट, असते आणि कोणती वस्तू वापरायची, कोणती नाही, याचे नियम ती मंडळी एकत्र बसून ठरवते. एका मळ्यावर मी बराच वेळ थांबून गवताचे गठ्ठे बांधण्याचे काम पाहिले. गठ्ठे बांधणाऱ्या यंत्रावर स्वतंत्र इंजिन बसवलेले होते, ते जोरात चालत होते, आणि ते सारे यंत्र खेचरांची जोडी ओढत होती. वरवर विसंगत वाटणाऱ्या या व्यवस्थेमागे सरळ हिशेब आहे. शेतात ट्रॅक्टर फिरू लागला की जास्त जमीन कसता येते, जास्त जमिनीसाठी शेजाऱ्याची जमीन घ्यावी लागते, आणि शेजारी गेला की मंडळीतील एक घर कमी होते. खेचरांच्या बळावर एक कुटुंब जेवढी जमीन कसू शकते तेवढीच ते ठेवते. अमेरिकेत सरासरी शेत ४४० एकरांच्या वर गेले असताना लँकेस्टर काउंटीतील सरासरी शेत ८० एकरांच्या आसपास आहे, त्यामागचे हे एक मोठे कारण आहे.

दुधाच्या बाबतीतही त्यांनी असाच मार्ग काढला. दूध थंड करून टाकीत साठवल्याशिवाय दूध कंपन्या ते घेईनात, तेव्हा मंडळींनी टाकीला परवानगी दिली, पण तिचे शीतयंत्र डिझेल इंजिनावर आणि ढवळणी बॅटरीवर चालावी, सार्वजनिक विजेची तार मात्र मळ्यात येऊ नये, असे ठरवले. रविवारी दूध उचलू द्यायला त्यांनी साफ नकार दिला. आमच्याकडच्या दूध संकलन केंद्रांवर आयुष्यातली अनेक वर्षे घालवल्यामुळे मला या निर्णयाचे फार मोल वाटले, कारण बाजाराची अट जशीच्या तशी न स्वीकारता तिच्याशी बोलणी करता येतात, हे या छोट्या शेतकऱ्यांनी करून दाखवले आहे.

तरीही केवळ अमिशांच्या साधेपणामुळे लँकेस्टर वाचले, असे लिहिणे अन्यायाचे ठरेल. या काउंटीने १९८० मध्ये शेतजमिनीच्या रक्षणासाठी स्वतंत्र मंडळ नेमले. या मंडळाची पद्धत अशी की शेतकऱ्याकडून जमीन विकत न घेता त्या जमिनीवर घरे किंवा दुकाने उभारण्याचा हक्क तेवढा विकत घ्यायचा. बिल्डर देईल तो भाव आणि शेती म्हणून येईल तो भाव यांतील फरकाच्या आधारे मोबदला ठरतो. जमिनीची मालकी शेतकऱ्याचीच राहते, तो ती विकू शकतो, मुलांना देऊ शकतो, पण सातबाऱ्यावर कायमचा बोजा चढावा तशी ही अट जमिनीला चिकटते आणि पुढचा कोणताही मालक तिथे प्लॉट पाडू शकत नाही. १९८७ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या मतदारांनी या कामासाठी १० कोटी डॉलरच्या कर्जरोख्यांना मान्यता दिली. म्हणजे शहरात राहणाऱ्या करदात्यानेही शेती टिकवण्याचा खर्च उचलायचे मान्य केले, आणि माझ्या मते या सगळ्या हकिकतीतील ही सर्वांत मोठी गोष्ट आहे.

अनेक अमिश कुटुंबे सरकारचा पैसा घेत नाहीत. त्यांची ही अडचण ओळखून १९८८ मध्ये लँकेस्टर फार्मलँड ट्रस्ट ही खाजगी संस्था उभी राहिली आणि देणग्यांच्या आधारे तिने या कुटुंबांशीही असेच करार केले. काउंटीतील सुमारे ४ लाख एकर शेतजमिनीपैकी १ लाखाहून अधिक एकर आज या दोन्ही मार्गांनी कायमची सुरक्षित झाली आहे. त्याशिवाय काउंटीतील अनेक गावांनी आपल्या शेतीपट्ट्यात २५ एकरांमागे एकच नवे घर, असा कडक नियम केला आहे. एन. ए.चे (बिगरशेती वापराचे) परवाने सहज मिळताना पाहिलेल्या माणसाला हा नियम वाचून काय वाटते, ते मी सांगायला नको.

या भागाचे प्रश्नही मोठे आहेत आणि ते झाकून ठेवू नयेत. लहान शेतात गायी, कोंबड्या आणि डुकरे दाटीने पाळली जातात, त्यामुळे शेणखत जमिनीला पचेल त्याहून जास्त होते आणि ते पावसाबरोबर कोनेस्टोगा नदीतून सस्क्वेहाना नदीत आणि तिथून चेसापीक उपसागरात जाते. उपसागरात किती नत्र (नायट्रोजन) आणि स्फुरद (फॉस्फरस) येऊ द्यायचे याची मर्यादा केंद्र सरकारने २०१० मध्ये घालून दिल्यापासून या काउंटीवर सतत दडपण आहे. ओढ्यांच्या काठी झाडांचे पट्टे लावणे, जनावरांना पाण्यात उतरू न देण्यासाठी कुंपण घालणे ही कामे चालू आहेत, पण पुरेशी झालेली नाहीत. दुसरीकडे अमिश लोकसंख्या साधारण वीस वर्षांत दुप्पट होते, जमिनीचे भाव तरुण जोडप्यांच्या आवाक्याबाहेर गेले आहेत, आणि निम्म्याहून अधिक कुटुंबांतील कर्ते पुरुष आता सुतारकाम, बांधकाम किंवा दुकानदारी करतात. काहींनी जमिनीसाठी न्यूयॉर्क आणि केंटकी राज्यांत नव्या वस्त्या केल्या.

आणि तिसरा प्रश्न आपण पर्यटकच आहोत. ३० क्रमांकाच्या महामार्गावर जिथे मका उभा असायला हवा तिथे कारखानदारांच्या स्वस्त मालाच्या दुकानांचे भलेमोठे आवार, हॉटेले आणि वाहनतळ पसरले आहेत. ती दुकाने शेती पाहायला आलेल्या गर्दीच्या जोरावरच चालतात. आपल्याकडची बरीच कुटुंबे दिवसाचा निम्मा वेळ तिथेच घालवतात, याचे मला खरोखर वाईट वाटते.

म्हणून जाणाऱ्यांना काही सांगावेसे वाटते. महामार्ग सोडून बर्ड-इन-हँड, स्ट्रासबर्ग या गावांच्या आजूबाजूच्या अरुंद रस्त्यांनी जावे. उताराला आडवे घातलेले मक्याचे आणि लसूणघासाचे पट्टे, मूरघासाचे उंच सायलो आणि घरापासून कोठाराच्या टोकापर्यंत कप्पीवर ओढलेली कपड्यांची दोरी हे सारे तिथूनच दिसते. अमिश लोक चेहऱ्याचे छायाचित्र काढू देत नाहीत, ती त्यांची धर्मश्रद्धा आहे. मुलांच्या समोर मोबाइल धरणे हा त्यांचा अपमान आहे आणि हे करताना मी आपल्या लोकांना पाहिले आहे. करड्या रंगाच्या घोडागाडीमागे हॉर्न वाजवू नये, घोडा बुजतो आणि गाडीत लहान मुले असतात. भाजी, मध, मुरांबे, लोणची घ्यायची असतील तर मळ्याच्या दारातल्या टपरीवरून घ्यावीत, म्हणजे पैसा थेट त्या घरात जातो. रविवारी या टपऱ्या बंद असतात. लँकेस्टर शहरातील सेंट्रल मार्केट मंगळवारी, शुक्रवारी आणि शनिवारी भरते, तेव्हा सहलीचा दिवस त्यानुसार ठरवावा.

आपला नम्र,
एक निवृत्त कृषी अधिकारी, सांगली