शनिवार-रविवारच्या अनोळखी सोबत्यांचे आभार

कोल्हापूरच्या शाहू स्मारक भवनात शनिवारी आमचं गाणं झालं, रविवारी नाटक. दोन्ही दिवस सभागृह भरलं, कलाकारांना टाळ्याही मिळाल्या. पण ज्यांची नावं विचारायची राहून गेली, त्या माणसांचे आभार मानल्याशिवाय आम्हाला चैन पडणार नाही.

शनिवारी वाद्यं उतरवताना दसरा चौकात धो धो पाऊस आला. आडोशाला उभी असलेली कॉलेजची पोरं धावत आली, छत्र्या वाद्यांवर धरल्या आणि स्वतः चिंब भिजली. ओल लागली की तबल्याची पुडी, म्हणजे वरचं कातडं, ढिली पडते, सूर उतरतो. त्या दिवशीचा ठेका तुमच्यामुळं खणखणीत वाजला, पोरांनो.

रविवारी दुसऱ्या अंकाआधी रंगमंचावरचा मुख्य दिवा गेला. प्रेक्षकांतले एक काका उठून थेट विंगेत आले. "केशवरावला लाइट केल्यात मी, सरका जरा," एवढंच बोलले आणि कामाला लागले. केशवराव भोसले नाट्यगृह म्हणजे शाहू महाराजांनी उभारलेलं, १९१५ सालचं. ऑगस्ट २०२४ मध्ये ते आगीत होरपळलं तेव्हा कोल्हापूर किती हळहळलं, हे आम्ही पाहिलंय. तिथं राबलेला हात आमच्या प्रयोगाला लागला, याचा फार अभिमान वाटतो.

मध्यंतरात सगळ्या मंडळींना चहा पाजून पैसे न घेणाऱ्या मावशी, तुमचेही मनापासून आभार.

आणि काका, तुमचा टेस्टर आमच्याकडंच राहिलाय. पुढच्या प्रयोगाला घरच्यांना घेऊन या, पहिल्या रांगेत जागा ठेवतो.