यादी घडी घालून परत देणाऱ्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

फोनवर आभार मानायला गेलं की ‘गाडी चालतेय ना? मग झालं’ म्हणून तुम्ही फोन ठेवता. म्हणून हे पत्र, आणि चारचौघांनी वाचावं असंच लिहितोय.

25 वर्षांची जीप घेऊन तुमच्या गॅरेजात आलो तेव्हा खिशात यादी होती. 4 इंच लिफ्ट म्हणजे गाडी तेवढी उंच करणं, 33 इंची टायर, रुतलेली गाडी ओढून काढणारा विंच, इंजिनची हवा उंचावरून घेणारं स्नॉर्केल, टपावर कॅरिअर आणि त्यावर दिव्यांची पट्टी. तुम्ही ती वाचलीत, घडी घालून माझ्याच हातात दिलीत आणि हातोडी घेऊन गाडीखाली शिरलात. टण, टण, टण करत चासी, म्हणजे गाडीचा सांगाडा, वाजवत गेलात आणि मागच्या शॅकलच्या (स्प्रिंगचा पाटा चासीला जोडणाऱ्या कडीच्या) वर एकदम ‘थप्प’ झालं. मला खाली बोलावून तिथे स्क्रूड्रायव्हर टेकवलात, तर टोक सरळ आत. वरून काळा रंग मात्र चकचकीत. तो मीच मारला होता. त्या दिवशी गप्प बसलो, आता सांगून टाकतो.

मग दीड महिना यादीतलं काहीच झालं नाही. चासीला नवा पत्रा, स्प्रिंगच्या पाट्यांचे बुश, चाकांकडे ताकद नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस म्हणजे सांधे, रेडिएटर, कडक झालेले होज पाइप. फोटो काढून मित्रांना दाखवावं असं त्यात काही नव्हतं आणि मी मनातून चांगलाच वैतागलो होतो.

लिफ्ट 4 ऐवजी 2 इंचच दिलीत. का, ते तोंडाने न सांगता चासीला जॅक लावून मागचं एक चाक हवेत लोंबू दिलंत आणि ब्रेकचा रबरी पाइप दाखवलात. तारेसारखा ताणलेला. आहे त्या उंचीलाच ही गत, तर आणखी 4 इंचांनी काय झालं असतं? शिवाय शाफ्टचा कोन वाढला की नवे क्रॉस परत झिजणार आणि उतारावर गाडी आडवी व्हायची भीती वेगळीच. टायरही 29 इंचांवरून 31 वरच थांबवलेत. तरी चाकाच्या एका फेऱ्यात गाडी जवळपास 7 टक्के जास्त पुढे जाते, काटा 100 दाखवतो तेव्हा खरा वेग 107 च्या आसपास असतो आणि चढावर एक गिअर आधीच उतरवावा लागतो. 33 घातले असते तर आमचं हे म्हातारं इंजिन वाटेतच खाली बसलं असतं.

सगळ्यात जास्त आभार मात्र एका रबरी नळीचे. मागच्या डिफरन्शियलचा, म्हणजे दोन चाकांमधल्या गिअरच्या डब्याचा, प्लग उघडलात तेव्हा तेल पाणी मिसळून दुधाळ निघालं होतं, आठवतंय? चालून चालून हाउसिंग तापतं, आतली हवा फुगून ब्रीदरमधून, म्हणजे हवेसाठी ठेवलेल्या भोकातून, बाहेर जाते. तशीच गरम गाडी ओढ्यात घातली की ते गार पडतं, हवा आकसते आणि बाहेरचं आत ओढते. ब्रीदर पाण्याखाली असेल तर पाणीच ओढणार. चिखलाने बुजला असेल तर ऑइल सीलच्या कडेने. आमचा बुजलेला होता. तुम्ही तो काढून नळी लावलीत आणि थेट बॉनेटखाली उंच नेऊन बांधलीत. परवाच्या प्रवासात चार ओढे लागले, एकात तर चाकाचा हब बुडवून दहा मिनिटं उभा होतो. घरी आल्यावर गाडी रात्रभर तशीच ठेवली आणि सकाळी खालचा प्लग जरासा सैल केला. पाणी असतं तर तळाला बसून तेच आधी आलं असतं. आलं ते स्वच्छ तेल. एवढ्याशा गोष्टीने माणसाला इतका आनंद होतो, हे बायकोला काही पटवता आलं नाही.

स्नॉर्केलवरचं तुमचं वाक्यही आता पटलंय: ‘नाक वर केलं म्हणून गाडीची होडी होत नाही.’ इंजिनने पाणी ओढलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो, कारण पाणी दाबलं जात नाही. ते कळतं. पण वायरिंग, बेअरिंग, सील यांना नाक कुठून आणणार?

त्याच प्रवासात कोरड्या नदीपात्रात रुतलो. फोर बाय फोर लो, म्हणजे चारी चाकांना ताकद देणारा हळू गिअर, टाकला तरी चाकं खालीच चालली. मग तुमचं आठवून टायरमधली हवा 34 पीएसआयवरून 18 वर आणली आणि अ‍ॅक्सिलरेटरला जेमतेम पाय लावला. गाडी निघाली! हवा कमी केली की टायर रुंद होतो असं मी समजत होतो. वाकून बघितलं तर तो जमिनीवर लांब पसरला होता. डांबरी रस्त्यावर चढण्याआधी चारी टायर पुन्हा भरले, तेही तुमच्याच धाकाने.

विंचबाबत मात्र आपलं जमलेलं नाही. 30-40 किलो वजन पुढच्या पाट्यांच्याही पुढे टांगायचं कशाला, हे तुमचं बरोबर आहे. चासीला बोल्टने पक्के केलेले दोन हुक आणि सोबत दुसरी गाडी असली की काम भागतं, हेही खरं. पण मी बऱ्याचदा एकटा जातो, काका. तुम्ही म्हणता, एकटं जाऊ नकोस. यावर आपण पुन्हा भांडू.

पाटे अ‍ॅक्सलला घट्ट धरणारे यू बोल्ट 500 किलोमीटरनंतर परत आवळायला ये, असं बजावलं होतंत. 800 झाले. शनिवारी येतोय. ओरडून घ्या, पण पाना तयार ठेवा.

तुमचा,
जुन्या जीपवाला