तो फक्त हाक मारतो

प्रिय आयेशा,

अस्सलामु अलैकुम.

मैत्रिणीनं विचारलं, ‘तुमच्यात अल्लाह आणि शैतान या दोघांत जास्त ताकद कोणाची?’ आणि तुला उत्तर सुचलं नाही. अगं, ही तुलनाच आपल्या श्रद्धेत बसत नाही. इब्लीस, म्हणजे शैतान, हा काही दुसरा देव नव्हे. त्यालाही अल्लाहनंच घडवलं. कुरआनातला अध्याय, सूरह कहफ, सांगतो की तो जिनांपैकी होता. आज तो मोकळा फिरतो, तोही मुदत मागितली आणि मिळाली म्हणून.

आदमला मातीपासून घडवलं, त्याच्यापुढं सजद्याचा, म्हणजे माथा टेकण्याचा, हुकूम झाला, सगळे फरिश्ते झुकले आणि हा एकटा अडून बसला: ‘मी त्याच्याहून श्रेष्ठ. मला तू आगीपासून केलंस, त्याला मातीपासून.’ बघ, अल्लाह आहे हे त्यानं कुठंच नाकारलेलं नाही. उलट माणसांना बहकवण्याची शपथसुद्धा तो अल्लाहच्याच इज्जतीची घेतो. नडला तो त्याचा ‘मी’. कुळाचा नि रंगाचा तोरा मिरवणाऱ्या आपल्याच काही नमाजींना ही आयत वाचून दाखवावी असं फार वाटतं मला. दाखवत नाही, भांडणं होतात.

मला खरी मोठी वाटते ती यापुढची जागा. सूरह आराफ काढ. तिथं इब्लीस अल्लाहलाच म्हणतो, तूच मला बहकवलंस, म्हणून आता मी यांच्या वाटेवर दबा धरून बसेन; पुढून, मागून, उजवीकडून, डावीकडून येईन. थोड्याच आयती पुढं आदम आणि हव्वा त्या झाडाचं फळ चाखतात. त्यांच्याकडं तर सबब तयार होती, कारण शैताननं खोटी शपथ घेऊन त्यांना फसवलं होतं. तरी दोघं त्याचं नावही काढत नाहीत. ‘हे आमच्या रब, आम्ही आमच्यावरच जुलूम केला,’ एवढंच म्हणतात आणि माफी मागतात. हुकूम दोन्हीकडं मोडला गेला, पण एकानं बोट अल्लाहकडं दाखवलं आणि दुसऱ्यांनी स्वतःकडं.

आणि हो, कुरआनात दोघं मिळून घसरतात. सूरह ताहामध्ये तर शैतान आदमशीच बोलतो. बाईनं पुरुषाला नादी लावलं असं कुणी तुला ऐकवलं तर ही सूरह पुढं कर.

त्याचं हत्यार एकच, वसवसा. मनात काहीतरी कुजबुजायचं आणि अल्लाहचं नाव निघालं की मागं सरायचं. सूरह नासच्या 6 आयती त्याच्यापासूनच पनाह मागतात. रमजानात शैतान जखडले जातात अशी हदीस, म्हणजे पैगंबरांचं वचन, आहे. मग रोज्यातही लोक खोटं कसं बोलतात, असं तू लहानपणी विचारायचीस. उलेमांची, म्हणजे धर्मपंडितांची, उत्तरं वेगवेगळी आहेत. मला पटतं ते असं की आपला नफ्स, म्हणजे आपल्याच मनाची ओढ, काही जखडला जात नाही. हजमध्ये मिना इथं जमरातवर, म्हणजे शैतानाची खूण मानलेल्या खांबांवर, रागानं चप्पल भिरकावणारे हाजी हे विसरतात. तिथं इब्राहीम अलैहिस्सलाम यांच्या आठवणीत 7 बारीक खडे मारायचे असतात. शैतान काही तिथं बांधून ठेवलेला नाही.

मैत्रिणीला सूरह इब्राहीमची 22वी आयत दाखव. निवाड्याच्या दिवशी शैतान आपल्या मागं आलेल्यांना सांगतो: माझी तुमच्यावर काही सत्ता नव्हती, मी हाक मारली आणि तुम्ही ओ दिलीत, तेव्हा मला दोष देऊ नका, स्वतःला द्या. मराठी तर्जुमा तुझ्या फोनवर आहेच. तिला आणखी काही विचारायचं असेल तर फोन लाव, मी बोलेन.

अम्मी दुआ सांगते.

तुझे अब्बा