मणिकर्णिकेवरचे अर्धे वाक्य

सांगली

प्रिय बापू,

स. न. वि. वि.

माझी प्रकृती ठीक आहे. रक्तदाबाची गोळी वेळेवर घेतो, एवढ्यावर समाधान मान. कालच वाईहून परतलो आणि तिथे जे मनात आले, ते तुझ्यावाचून कोणाला लिहिण्यासारखे नाही.

हिच्या अस्थी दहाव्या दिवशी हरिपूरला कृष्णा-वारणेच्या संगमावर सोडल्या, तेव्हा तू शेजारीच होतास. रक्षा सावडताना मात्र थोडी मी हिच्या सुपारीच्या पितळी डबीत वेगळी ठेवली होती. डबी घरात आणली नाही, अंगणात पत्र्याखाली टांगली, त्यामुळे ताईचा निम्मा राग शमला. उरलेला राग असा, की माणसाचे असे वाटे घालू नयेत. तिला काय सांगणार? मणिकर्णिकेच्या पायऱ्यांवर ही जे बोलली, ते ऐकायला आपण दोघेच होतो.

"मला एसटी लागते, तेव्हा माहेरी सोडा, सासरी मी पाण्याने येईन," असे ती हसत म्हणाली होती. वाईला सोडलेले माहुली, कऱ्हाड, औदुंबर करत सांगलीला येणारच, हा तिचा हिशेब. 2019 च्या पुरात आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांच्या वर गेले आणि नदी आपल्या ओट्यावर चढली, तेव्हाही तिने तो विनोद पुन्हा केला होता, की पुढे असाच पूर आला तर मी थेट स्वयंपाकघरात येईन.

जाताना कऱ्हाडला उतरलो. प्रीतिसंगमावर कृष्णा आणि कोयना समोरासमोर येतात. तिथेच भेळ खाता खाता कोण कोणाला मिळते यावरून तुमचे दोघांचे भांडण जुंपले होते आणि भेळेचे पैसे मात्र मी दिले होते, ते अजून येणे आहेत. मी डबी उघडली आणि वाऱ्याने अर्धी चिमूट माझ्याच सदऱ्यावर आली. पांढऱ्या सदऱ्याला जपण्यावरून जन्मभर बोलणी खाल्ली. ती झटकण्याचे धैर्य झाले नाही, तसाच पुढच्या गाडीत बसलो. जुन्या सवयीने खिशात लिंबूही घेतले होते.

वाईला गणपती घाटावर खालच्या पायरीवर बसून पाण्यात हात बुडवला. राख वर तरंगून करड्या सायीसारखी पसरत गेली. तांदळाच्या कणीएवढे हाडाचे तुकडे मात्र हातातून सुटताच तळाला गेले. नखात अडकलेले काढायला वेळ लागला, आणि खरे सांगायचे तर मी तो लावला.

मुलगी म्हणत होती, क्षेत्र महाबळेश्वरला ने, कासलाही ने, आईला फुले आवडायची. पंचगंगेच्या मंदिरात गोमुखाचे पाणी लोक तीर्थ म्हणून घेतात, तिथे मी हे करणार नाही. आणि कासच्या कातळावर माती ती केवढी. तिच्यात राख मिसळून ती फुले बिघडवायची आणि वर हिच्या आवडीचे नाव द्यायचे, हे मला पटत नाही. मुलगा काशी म्हणतो. काशीत तर ती गर्दीला कंटाळून लॉजवर परत चला म्हणत होती.

आता डबीत जे उरले आहे, त्याचा घोर आहे. "माहेरी सोडा" म्हटल्यावर ती पुढे "आणि थोडी तिकडे..." म्हणाली, आणि नेमका त्याच वेळी तू नाववाल्याशी पाच रुपयांवरून घासाघीस सुरू केलीस. तिकडे म्हणजे कुठे? ती हाताने काही दाखवत होती. माझे लक्ष तुझ्या आरड्याओरड्याकडे होते. वाई तिने सांगितली, कऱ्हाड मी निवडले. ज्या जागी मी तिच्याबरोबर होतो त्याच मला सुचतात. लग्नाआधीची, विलिंग्डन कॉलेजमध्ये तुझ्या वर्गात असलेली मुलगी कुठे रमत असे, हे मी कधी विचारलेच नाही, आणि ते माहीत असणारा तू एकटा उरला आहेस.

गुडघ्याचे ऑपरेशन चांगले झाले, असे वहिनींकडून कळले, बरे वाटले. नातीच्या दहावीच्या निकालाचे पेढे बाकी आहेत, आणि ते साताऱ्याचे कंदीच हवेत.

आठवले तर ताबडतोब कळव. नाही आठवले, तर काठी टेकत का होईना, दिवाळीनंतर इकडे ये; कॉलेजपासून सुरुवात करू आणि तू सांगशील त्या जागा पाहू. या वेळी घासाघीस मी करीन.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
अण्णा