नऊ होलच्या फेऱ्यांत निम्मे हँडिकॅप स्ट्रोक गाळले गेल्याबद्दल तक्रार

पुणे, दिनांक 12 जानेवारी 2026

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : आमच्या कर्मचारी गोल्फ लीगची चुकीची गुणतालिका दुरुस्त करून मिळणेबाबत.

संदर्भ : आमची दिनांक 10 व 17 डिसेंबर 2025 ची ईमेल पत्रे व त्यांना आपल्याकडून आलेली उत्तरे.

महोदय / महोदया,

चाकण औद्योगिक वसाहतीतील आमच्या कारखान्यात कर्मचाऱ्यांची हौशी गोल्फ लीग चालते आणि तिच्या समितीचा मानद सचिव या नात्याने मी हे पत्र लिहीत आहे. गेल्या हंगामात हँडिकॅप (खेळाडूच्या कौशल्यानुसार त्याच्या फटक्यांतून वजा होणारी सवलत; त्यातला प्रत्येक फटका म्हणजे एक स्ट्रोक), गुण आणि क्रमवारी यांचा सगळा हिशेब आम्ही आपल्या ॲपवर सोपवला होता व त्यासाठी 36,000 रुपये वार्षिक शुल्क आगाऊ भरले होते. ही रक्कम सभासदांच्या वर्गणीतून उभी राहिलेली आहे. त्या हिशेबात मुळातच चूक असल्याचे आम्ही दोनदा कळवूनही आपण ती दुरुस्त करण्यास नकार दिल्यामुळे ही रीतसर लेखी तक्रार करावी लागत आहे.

दिवाळीचा एक शनिवार वगळून 4 ऑक्टोबर ते 29 नोव्हेंबर या काळात आठ फेऱ्या झाल्या. बहुतेकांना दुपारी घरी किंवा दुसऱ्या पाळीला पोहोचायचे असल्याने प्रत्येक फेरी नऊच होलची ठेवली होती. एका शनिवारी मैदानाच्या अठरा होलपैकी पहिले नऊ, पुढच्या शनिवारी शेवटचे नऊ. गुणांसाठी आम्ही जाणूनबुजून स्टेबलफोर्ड पद्धत निवडली. डॉ. फ्रँक स्टेबलफोर्ड यांची ही पद्धत 1932 मध्ये इंग्लंडमधील वॉलसी येथे स्पर्धेत वापरली गेली आणि तिचा मोठा गुण असा की, एखाद्या होलवर कितीही फटके लागले तरी त्या होलचे शून्य गुण घेऊन खेळाडू पुढच्या टीवर (होलच्या सुरुवातीच्या जागेवर) नव्याने उभा राहू शकतो. हँडिकॅप वजा केल्यावर पार, म्हणजे त्या होलसाठी ठरलेले फटके, झाला तर दोन गुण, बोगीला (पारपेक्षा एक जास्त) एक, बर्डीला (एक कमी) तीन आणि डबल बोगी (दोन जास्त) किंवा त्याहून वाईट असेल तर शून्य. आमच्या 22 खेळाडूंपैकी निम्म्याहून अधिक जणांनी दोन वर्षांपूर्वी गोल्फची काठी हातातही धरली नव्हती. ते अनुभवी खेळाडूंच्या बरोबरीने एका तालिकेत खेळू शकतात ते केवळ हँडिकॅपमुळे, आणि आपल्या ॲपने नेमका तोच अर्धा कापला.

चूक कशी होते ते एका प्रत्यक्ष कार्डावरून सांगतो. 15 नोव्हेंबरची सहावी फेरी शेवटच्या नऊ होलवर झाली. आमच्या टूलरूममधील एका ज्येष्ठ सहकाऱ्यांचा नऊ होलचा हँडिकॅप 14 आहे. कार्डावर स्ट्रोक इंडेक्स, म्हणजे होलच्या अवघडपणाचा क्रमांक (1 म्हणजे सर्वांत अवघड), अठरा होलच्या हिशेबाने छापलेला असतो आणि शेवटच्या नऊ होलवर त्यातले 2, 4, 6 पासून 18 पर्यंतचे फक्त सम आकडे येतात. अशा वेळी त्या नऊ होलची अवघडपणाप्रमाणे 1 ते 9 अशी क्रमवारी धरून 14 स्ट्रोक वाटायचे असतात, म्हणजे प्रत्येक होलवर एक आणि सर्वांत अवघड पाच होलवर आणखी एक. आपले ॲप अठरा होलचा हँडिकॅप बरोबर निम्मा करते, पण त्यानंतर तो निम्मा झालेला आकडा कार्डावरच्या छापील इंडेक्सशी ताडून पाहते आणि ज्या होलचा इंडेक्स 14 किंवा त्याहून कमी आहे तिथे एकेक स्ट्रोक देऊन थांबते. असे होल सातच भरतात. उरलेले सात स्ट्रोक कोणत्याही होलवर पडत नाहीत. पहिल्या नऊ होलवर इंडेक्स विषम असतात, पण तिथेही 1 ते 13 असे सातच होल भरतात. थोडक्यात, हँडिकॅप एकदा निम्मा करून झाल्यावर वाटपात तो पुन्हा एकदा निम्मा होतो.

चौदाव्या होलचे उदाहरण घ्यावे. हा पार चारचा होल आहे आणि त्याचा इंडेक्स 2 आहे, म्हणजे शेवटच्या नऊमध्ये सर्वांत अवघड. आमच्या सहकाऱ्यांनी तिथे सात फटके घेतले. मार्करने, म्हणजे फटक्यांची नोंद ठेवणाऱ्याने, पेन्सिलीने लिहिलेला सातचा आकडा आणि खाली दोघांच्या सह्या कार्डावर स्पष्ट दिसतात. दोन स्ट्रोक वजा जाऊन पाच, म्हणजे बोगी आणि एक गुण मिळायला हवा. ॲपने एकच स्ट्रोक दिला, सहा धरले आणि शून्य गुण मांडला. बाराव्या, पार तीनच्या होलवर त्यांनी चार फटक्यांत चेंडू आत घातला. तिथे एक स्ट्रोक मिळून दोन गुण व्हायला हवे होते. ॲपने स्ट्रोकच दिला नाही आणि एका गुणावर भागवले. नऊ होलचे एकूण फटके 52, योग्य हिशेबाने गुण 16, ॲपवर मात्र 9. त्याच सकाळी नऊ होलचा हँडिकॅप 4 असलेल्या दुसऱ्या खेळाडूने 42 फटके घेतले. त्याचेही गुण योग्य हिशेबाने 16 होतात, पण ॲपने 14 दाखवले. म्हणजे बरोबरीत सुटलेले दोन खेळाडू आपल्या तालिकेत पाच गुणांच्या अंतराने वरखाली बसले. जितका खेळाडू नवा आणि हँडिकॅप मोठा, तितके त्याचे नुकसान मोठे.

सर्वांचेच गुण कमी दिसत असल्याने ही चूक दोन महिने कोणाच्या लक्षात आली नाही आणि मला सर्वांत जास्त वाईट वाटते ते याचेच. नवे खेळाडू दर शनिवारी ॲपवर सात, आठ, नऊ असे गुण पाहून आपल्याला हा खेळ जमत नाही असे मानून गप्प बसत होते. चौथ्या फेरीनंतर तिघांनी येणे बंद केले. त्यांची कार्डे मी आता हाताने मोजली आहेत आणि त्यांतल्या एका सहकारी भगिनी तेव्हा प्रत्यक्षात पहिल्या पाचांत होत्या. टूलरूममधल्या आमच्या सहकाऱ्यांनी बक्षीस समारंभाच्या आदल्या दिवशी, "साहेब, हे कार्ड एकदा हाताने मोजून बघा," असे म्हणून कार्ड माझ्यापुढे ठेवले नसते, तर आम्हाला कदाचित कधीच कळले नसते. समारंभ 6 डिसेंबरला ठरल्याप्रमाणे झाला आणि त्यानंतरच्या तीन रात्री बसून मी सगळी 163 कार्डे तपासली. विजेत्याचे नाव बदलते. ज्यांना पहिले बक्षीस दिले ते योग्य हिशेबाने चौथे येतात. त्यांनी स्वतः येऊन, हिशेब दुरुस्त झाला की ट्रॉफी आणून देतो, असे मला सांगितले आहे.

आता आपल्या उत्तरांविषयी. 15 डिसेंबरच्या उत्तरात आपण म्हणता की, कार्डावर खेळाडूची सही असल्याने जबाबदारी खेळाडूची आहे. ही भूमिका गोल्फच्या नियमांना धरून नाही. नियम 3.3ब प्रमाणे खेळाडू आणि मार्कर सहीने खात्री देतात ती प्रत्येक होलवरच्या प्रत्यक्ष फटक्यांची. 2023 पासून खेळाडूवर कार्डावर हँडिकॅप लिहिण्याचीही जबाबदारी राहिलेली नाही. हँडिकॅपचे स्ट्रोक लावणे आणि स्टेबलफोर्डचे गुण काढणे हे समितीचे काम आहे. ते काम समितीने शुल्क भरून आपल्याकडे दिले होते. आमच्या खेळाडूंनी फटके प्रामाणिकपणे लिहिले असून त्या आकड्यांबद्दल आपलाही काही आक्षेप नाही.

26 डिसेंबरच्या उत्तरात हंगाम बंद झाल्यामुळे निकाल अंतिम आहे, असे कारण दिले आहे. त्यावर नियम 20.2ड पुरेसा स्पष्ट आहे : स्पर्धेच्या कारभारातील चूक दुरुस्त करण्यास कालमर्यादा नाही, स्पर्धा संपलेली असली तरीही नाही. चुकीचा हँडिकॅप धरून निकाल काढणे ही अशीच कारभारातील चूक आहे. ती दुरुस्त करण्याचा अधिकार आणि कर्तव्य दोन्ही समितीचे आहेत, परंतु तालिका आपल्या यंत्रणेत कुलूपबंद असल्याने आमचे हात बांधलेले आहेत.

ही चूक मागच्या हंगामापुरती राहणारी नाही. हँडिकॅप काढताना एका होलवर जास्तीत जास्त नेट डबल बोगी, म्हणजे पार अधिक दोन अधिक त्या होलवर मिळणारे स्ट्रोक, एवढेच फटके धरले जातात. स्ट्रोक कमी दिले की ही मर्यादाही खाली येते. वरच्याच चौदाव्या होलवर नऊ फटके लागले असते, तर आठ धरायला हवेत तिथे ॲप सात धरेल. असे आकडे साठत गेले की खेळाडूचा लीगमधील हँडिकॅप आहे त्यापेक्षा कमी निघतो आणि पुढच्या हंगामात त्याला स्ट्रोक आणखी कमी मिळतात. म्हणून केवळ जुनी तालिका बदलून भागणार नाही.

तरी आपण नऊ होलच्या फेऱ्यांतील स्ट्रोकवाटप दुरुस्त करावे, आठही फेऱ्यांचे गुण आणि 22 खेळाडूंचे लीगमधील हँडिकॅप मूळ फटक्यांवरून पुन्हा काढावेत, बरोबरी सोडवण्यासाठी केलेली मोजणीही त्याच गुणांवर उभी असल्याने ती नव्याने करावी आणि चूक ॲपची होती असे समितीला लेखी कळवावे, अशी मागणी आहे. सर्व कार्डांच्या प्रती आणि माझी हाताने केलेली आकडेमोड सोबत जोडली आहे. माझ्या मोजणीत कुठे चूक आढळल्यास ती जरूर दाखवावी, मी ती मान्य करीन. गेल्या हंगामाच्या शुल्काच्या परताव्याबाबत आपला निर्णयही कळवावा.

पुढील हंगामाची नोंदणी 14 फेब्रुवारीला सुरू होत असल्याने ही दुरुस्ती 31 जानेवारीपर्यंत होणे आवश्यक आहे. तोपर्यंत कार्यवाही न झाल्यास ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 अन्वये सेवेतील त्रुटीबद्दल जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे दाद मागण्याचा ठराव समितीने एकमताने केला आहे. आपल्या तांत्रिक विभागातील कोणी पुण्यात येऊ शकत असेल, तर कोणत्याही शनिवारी सकाळी साडेदहानंतर मी सर्व मूळ कार्डे घेऊन समोर बसण्यास तयार आहे.

कळावे,

आपला विश्वासू,
मानद सचिव,
कर्मचारी गोल्फ लीग समिती