वनौषधीची मात्राही छापा

संपादक महोदय,

त्वचेच्या तक्रारींवर वनौषधी सुचवणारे मजकूर आवडीने वाचले जातात, कात्रणे जपूनही ठेवली जातात. त्यांत वनस्पतीचे नाव असते. तिचा कोणता भाग घ्यायचा, किती, किती वेळ आणि थांबायचे कधी, हे मात्र क्वचितच असते. घोटाळा होतो तो तिथेच.

साधी कोरफड घ्या. पान कापले की सालीलगत पिवळा, कडू चीक पाझरतो. अनेकांना त्याने खाज सुटते, आणि बोल लागतो गराला. कापलेले टोक खाली करून पान पंधरा-वीस मिनिटे उभे ठेवावे, साल जाड काढावी, पारदर्शक गर धुऊन मगच लावावा.

बावचीचे प्रकरण याहून गंभीर. कोडावर ती वापरतात ती तिच्यातल्या सोरालेनमुळे. हे द्रव्य त्वचेला अतिनील किरणांबाबत हळवे करते, म्हणजे ऊन किती मिनिटे घ्यायचे हाही मात्रेचाच भाग. तेल चोळून भर दुपारी उन्हात बसले की भाजल्यासारखे फोड येतात. ते लगेच नव्हे, बहुधा दोन-तीन दिवसांत पुरते उठतात, त्यामुळे तेलावर संशयही जात नाही. लिंबाचा रस लावून उन्हात गेल्यावर पडणारे काळे डाग याच जातीचे. ठेचलेली लसूण बांधून ठेवणे तर सरळ चटकाच. त्याला ऊनही लागत नाही.

टी ट्रीसारखी तीव्र तेले नुसती लावू नयेत. 30 मिली खोबरेलात साधारण 6 थेंब म्हणजे 1 टक्का. सुरुवातीला एवढे पुरे. हवा लागून जुन्या झालेल्या बाटलीने ॲलर्जीचा धोका वाढतो. काहीही नवे लावायचे तर आधी हाताच्या आतल्या बाजूस नाण्याएवढ्या जागी, दिवसातून दोनदा, आठवडाभर लावून पाहावे. एका रात्रीत काही झाले नाही म्हणून निर्धास्त होऊ नये. ॲलर्जी 48 ते 72 तासांनीही उमटते.

आणि ‘हर्बल’ मलमाने जुनाट इसब दोन दिवसांत नाहीसा झाला, तर आनंदाआधी संशय यावा. अशा मलमांत लेबलावर न लिहिलेले स्टेरॉइड तपासणीत सापडलेले आहे. गजकर्णावर ते लागले की खाज थांबते, कडा पुसट होते आणि बुरशी मात्र पसरत राहते.

तेव्हा भाग, मात्रा, वेळ आणि थांबण्याची खूण या चार गोष्टी लेखकाकडून मागून घ्याव्यात. नसतील तर मजकूर परत पाठवावा.

– एक वाचक